नऊ मिनिटांची चूक

पन्नास वर्षं होऊन गेली, पण तो खोलीत येताना मला अजून दिसतो... बोट पुढे धरूनच आला होता.

"टोचा," म्हणाला. "शिंपी आहे मी. सुईला भ्यायलो तर दुकान कोण चालवेल?"

मी दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला नुकतीच लागले होते. दुसऱ्या दिवशी त्याच्या टॉन्सिलचं ऑपरेशन होतं. आधी हिमोग्लोबिन पाहिलं. आम्लात कालवलेल्या रक्तात थेंबथेंब पाणी घालायचं, रंग शेजारच्या तपकिरी काचेशी जुळला की आकडा वाचायचा.

"अजून एक थेंब," तो वाकून म्हणाला. "छटा जुळली नाही."

खरंच जुळली नव्हती. साडेचौदा भरलं.

मग रक्त गोठायची वेळ. केसासारख्या बारीक काचेच्या नळीत रक्त घ्यायचं आणि दर अर्ध्या मिनिटाला तिचा तुकडा मोडायचा. रक्त गोठलं की दोन तुकड्यांमध्ये तंतू ताणला जातो.

"तंतू? रक्तात?"

"जखम झाली की विणले जातात. त्या जाळीत पेशी अडकतात, भोक बुजतं."

"म्हणजे आतही शिंपी बसलाय... पण तो माझ्यासारखे वायदे चुकवत नसेल."

मी हसले. तो विचारत गेला, मी सांगत गेले... भानावर येऊन नळी मोडली तर तंतू केव्हाच तयार, आणि घड्याळात नऊ मिनिटं. घाबरून तेच लिहिलं.

आमच्या खोलीच्या प्रमुख, मोठ्या बाईंनी कागद पाहिला. "नऊ? मग ऑपरेशन रद्द. रक्ताचा काही आजार आहे का ते आधी बघायला हवं."

त्याचा चेहरा पडला. खरं सांगितलं तर माझी नोकरी जाणार होती.

"बाई, त्यांचं रक्त ठीक आहे. मीच नळी मोडायला विसरले."

"अगं, विसरलीस कशी?"

"यांच्याशी बोलत होते..." माझे कान तापले. "वेळ कळलाच नाही."

बाईंनी चष्म्यावरून आधी मला पाहिलं, मग त्याला. "घे पुन्हा. घड्याळ मी धरते."

त्याने दुसरं बोट पुढे केलं. "उद्यापासून घसा बंद," तो हळूच म्हणाला, "म्हणून आजच विचारतो... बरा झालो की आईला घेऊन तुमच्या घरी येऊ?"

"गप्प बसा. अर्धं मिनिट होतंय."

एकेक तुकडा मोडत गेले – काही नाही... काही नाही... आठव्याला तंतू ताणला गेला, नाजूक, लालसर.

"चार मिनिटं," म्हणत बाईंनी घड्याळ खिशात टाकलं. "ऑपरेशन होईल. आता त्याला उत्तर दे. ती वेळ मी मोजत नाही."