मॅटिंगचं दुसरं टोक

मी थापा मारतो असं गावात म्हणतात. बऱ्याच मारल्यात. पण त्या माळावर मी आकडे मोजलेत.

सेहेचाळीस सालचा मार्गशीर्ष. खर्ड्याच्या किल्ल्यामागे आम्ही क्रिकेट खेळायचो. खेळपट्टी म्हणजे काथ्याचं मॅटिंग. सामन्याच्या सकाळी अंथरायचं, कडेनं खिळे ठोकायचे. ते काम माझ्या मित्राचं, गहिनीनाथचं.

एरवी उंच टोलवलेला चेंडू पाच म्हणेपर्यंत खाली येई. पण बुरुजापासून एकशेबारा पावलांवर एक जागा होती, बाजेएवढी. तिथून मारला की तो बॅटवरून निघायचा नेहमीच्याच वेगानं, वर गेल्यावर मात्र त्याला उतरायची घाईच नसे. अकरा. बारा. झेल घ्यायला मी नेमका खाली उभा राही आणि चेंडू डोक्यावरून संथपणे पुढे जाई.

हे आम्हा दोघांनाच ठाऊक. शेवगावच्या जिनाचे मालक आप्पासाहेब त्यांचा संघ घेऊन येणार होते. खर्ड्याचा जो गडी सगळ्यांत लांब मारील त्याला जिनात कापूस तोलायच्या काट्यावर नोकरी. माझी हंगामी मास्तरकी नुकतीच सुटलेली, घरात खाणारी पाच तोंडं. गहिनीनाथ म्हणाला, "मला रान हाय. नोकरी तुझी. किल्ल्याकडचं टोक बरुब्बर त्या जागंवर आनतो."

सामन्यात मी बॅट घेऊन किल्ल्याकडच्या टोकाला उभा राहिलो. समोरच्या टोकाला तो. तिसरा चेंडू जीव खाऊन उचलला आणि मनात मोजू लागलो. पाचाला तो शेवगावकराच्या ओंजळीत पडला.

परतताना बुरुजापासून पावलं मोजली. अख्खं मॅटिंग किल्ल्याकडे सरकवलेलं होतं. एकशेबारावं पाऊल गहिनीनाथच्या पायाशी संपलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या षटकात त्यानं टोला हाणला. सगळ्यांच्या माना वर. मी वीसपर्यंत मोजलं, मग पन्नासपर्यंत. चेंडू आलाच नाही. उन्हात हरवला असेल, म्हणाले. आप्पासाहेबांनी त्याच्या पाठीवर हलकीच थाप मारली, तसा तो चार पावलं पुढे गेला. लोक हसले.

पौषात त्याची बायको बनुबाई शेवगावहून माझ्या दारी आली. जेवण नीट आहे, ताप नाही, म्हणाली. मग पदराशी चाळा करत राहिली.

"भाऊजी, ह्ये निजले की बाज करकरत न्हाई. तुमी बगा एकदा."

भर दुपारी जिनाच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो एकटाच काट्यापाशी होता. सदऱ्याचे खिसे लोंबत होते. आत लोखंडी वजनं.

"म्या रोज पहाटं जायचो त्या जागंवर, सरावाला," तो म्हणाला. "तुला न सांगता."

मी त्याच्या खिशांकडे पाहिलं.

"शाम्या, चेंडू घावला का रं?"

"नाही," मी म्हणालो. थाप नव्हती.

त्यानं वर पत्र्याकडे पाहिलं. मग एकेक वजन काढून जमिनीवर ओळीनं मांडू लागला. शेवटचं एका हातात घट्ट धरून त्यानं दुसरा हात पुढे केला.

"धर."

मला ते मॅटिंग आठवलं. मी हात पाठीशी नेला.

बाहेर आलो. दार ओढून घेतलं.

आत वजन पडल्याचा आवाज झाला.

मग वरच्या पत्र्याला आतून टप्प झालं. थोड्या वेळानं पुन्हा, जरा हळू.