भिंतीपलीकडचं वाजणं

खोटंच सांगायचं असतं, तर या गोष्टीत मी स्वतःला एवढं रडवलं नसतं. मी रडणारी बाई नाही. आमच्या गल्लीत कोणालाही विचारा.

साल चौऱ्याहत्तर. मे महिना. नागपूर, इतवारी. ऐन दुपार.

आमच्या मागच्या खोलीची भिंत आणि टाकीजच्या पडद्यामागची भिंत एकच. लग्न होऊन आली तेव्हापासून पिक्चर एक पाहिला नाही, पण खुनाचे सगळे पिक्चर मला वाजण्यावरून पाठ. दुसरीपर्यंत शिकलेली बाई मी, पण खून कधी होणार, हे तिकीट काढून बसलेल्यांच्या आधी मला कळायचं.

आधी व्हायोलिनचा बारीक सूर. दाताखाली खडा आल्यासारखा. मग खालून ढोल... धप्... धप्... सूर वर वर चढायचा. जोवर चढतो, तोवर पिक्चरमधली बाई जिवंत.

मग सगळं एकदम बंद.

ती शांतताच वाईट. तिच्यामागून झांज येते, आणि किंकाळी.

तीनच्या खेळातला खून झाला की मी चहा ठेवायची. इतकी सवय.

पण त्या साली टाकीजला कुलूप होतं. मालक भावाभावांचं भांडण. मशीन विकली, पडदाही उतरवून नेला. आत फक्त पारवे.

माझी लेक प्रेमिला पहिल्या बाळंतपणाला आली होती. पहाटेपासून कळा, आणि मूल अडलेलं. आमचे हे दवाखान्यासाठी रिक्षा आणायला गेले ते गेलेच. सुईण जयवंता घामानं निथळत होती.

आणि भिंतीतून...

तो बारीक सूर.

"जयवंते, टाकीज कधी उघडली वं?"

"कुठची टाकीज? कुलूप लटकून राहिलं तिथं. भिंतीकडं काय पाहता बाई, पोरीचे पाय धरा!"

तिला ऐकू येत नव्हतं. पण प्रेमिलानं माझं मनगट आवळलं.

"आई वं... हे काहून वाजून राहिलं?"

म्हणजे तिलाही ऐकू येत होतं.

ढोल सुरू झाला. कळ आली की सूर चढायचा. कळ ओसरली तरी उतरायचा नाही.

मी भिंतीवर बुक्क्या मारल्या. शिव्या दिल्या. मग सासूपुढं कधी मान न वाकवलेली मी, गोपिका, त्या भिंतीला हात जोडून रडत बसली.

"थांबू नको रे बाबा. वाजत राहा. मले घे, पण थांबू नको..."

सूर इतका वर गेला की आता तुटेल.

"आलं! आलं बाई!" जयवंता ओरडली.

आणि सगळं बंद.

व्हायोलिन नाही. ढोल नाही. पारव्यांचं घुमणंही नाही.

आणि बाळाचाही आवाज नाही.

निळी पडलेली पोरगी. जयवंता तिला उलटी धरून थापट्या मारत होती. "रड वं माय, रड..."

प्रेमिला माझ्याकडं डोळे फाडून बघत होती. आता काय येणार, हे मला माहीत होतं.

मूल रडलं नाही तर आमच्याकडं त्याच्या कानाशी काशाची थाळी वाजवतात. मी थाळी उचलली. पण बाळाच्या कानाशी नाही नेली. ती झांज मला पलीकडच्यांना वाजवू द्यायची नव्हती. भिंतीकडं तोंड केलं आणि सगळा जीव एकवटून लाटणं हाणलं.

धडाम!

किंकाळी आली...

भिंतीपलीकडून.

बाईची. लांब. जीव जातानाची.

ती संपायच्या आत माझी नात रडली.

या वेळी जयवंतानंही ऐकलं. नाळ तशीच तिच्या हातात. "बाई... तिकडं कोण आहे?"

"कोणी नाही. तू तुझं काम कर."

संध्याकाळी ह्यांनी चौकीदाराकडून टाकीज उघडवली. आत धूळ. धुळीवर एक पाऊल नाही. पारवा एक नाही.

"कोणी बाई नाही तिथं. तुले भास झाला," हे म्हणाले.

"रिक्षा आणायले गेलेला माणूस संध्याकाळी उगवला, तो मले भास शिकवून राहिला!"

प्रेमिला आणि नात, दोघी ठणठणीत आहेत. नात शाळेत जाते. जयवंता मात्र आमची पायरी चढत नाही. बाजारात गाठ पडली की हळूच विचारते, "बाई, कोणाची होती वं ती किंकाळी?"

आमच्या घरी यायची होती. एवढंच मला ठाऊक. मी ती परतवली.

त्या दुपारी नागपुरात आणखी कोणाची लेक बाळंत होत होती का, हे मी आजवर विचारलं नाही. गल्लीत बाया कोणाच्या मयतीचं बोलायला लागल्या, की मी उठून घरात येते... आणि दार लावून घेते.