एक नंबर मोठा बूट

दोघांची गाठ पडली ती खिडकीजवळच्या खुर्चीवरून भांडताना. केमोच्या खोलीत तेवढीच एक उजेडातली. ती बुटांच्या दुकानात कामाला, तो घरं रंगवणारा, आणि केस दोघांच्याही डोक्यावर नाहीत.

"बस तूच," तो म्हणाला. "तुझं डोकं जास्त चमकतंय, खोलीत उजेड पडेल."

ती हसली… आणि फसली. सुई टोचून घ्यायची वाट बघणारं माणूस कधी पाहिलंय? ही बघायची, दर तिसऱ्या मंगळवारची.

आता हे औषध गाठीला मारतं, पण एखाद्याचं हृदयही दमवतं. म्हणून अधूनमधून वरच्या मजल्यावर मशीनवर हृदय बघतात. तिथल्या मशीनवाल्या बाईची वेणी कमरेपर्यंत. आणि हा खाली यायचा तो हसतच!

"काय म्हणाली वेणी?"

"म्हणाली, असं हृदय बघितलं नाही."

"अंधार करून छातीवर यंत्र फिरवलं, की कुणालाही दिसेल." ही फणकारली.

एका मंगळवारी याची स्वारी नवे कोरे बूट घालून आली. जिना चढून धापा टाकत बसली.

"वेणीसाठी का हे?"

"छे… आज वर जायचंच नाही मला."

"रुसवा झाला वाटतं," म्हणत तिनं जळक्या नजरेनं बूट न्याहाळले. मग वाकून पुन्हा पाहिले. याचा पाय आठ नंबरचा. ती पहिल्या दिवशीच ओळखून बसलेली. हे नऊ होते, तरी नाड्या ताणलेल्या.

"मोजा काढ."

"अगं, लोक बघतायत—"

"बघू देत."

घोट्यावर तिनं अंगठा दाबला. उचलला, तरी खड्डा तसाच. पाय सुजले, दम लागला तर लगेच सांगा, असं सिस्टरनं दोघांनाही बजावलं होतं.

"झोपतोस कसा?"

"…बसून. आडवा झालो की दम लागतो."

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगितलं तर डोस थांबवतील. मग मंगळवारी कुठे येऊ मी?" तो खाली बघत म्हणाला. "तू तर इथेच भेटतेस."

तिचे डोळे भरले, पण तोंड कसलं ऐकतंय. "गाढवा," म्हणाली. सिस्टरला हाक मारली, चाकाची खुर्ची ओढली आणि त्याला बसवून स्वतः ढकलत, लिफ्टनं थेट वेणीच्या दारात नेलं. बाहेर थांबा म्हणाले, तर ही आत जाऊन बसली.

हृदय खरंच दमलं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. केमो तूर्त बंद, हृदयाच्या गोळ्या सुरू. आणि रोज सकाळी वजन करायचं. वाढलं, म्हणजे अंगात पाणी साठतंय.

"घरी कोण आहे?" वेणीनं विचारलं.

"कुणी नाही."

"मग मला फोन करून सांगत जा रोज."

"तुम्ही कशाला?" ही ताडकन उठली. "मी बघीन वजन. रोज सकाळी."

वेणीनं मशीनकडे तोंड वळवून हसू दाबलं.

"रोज सकाळी उठल्या उठल्या करायचं असतं," तो हळूच म्हणाला. "म्हणजे… तुला घरातच राहावं लागेल."

ती कानापर्यंत लाल. खाली वाकून त्याचा मोजा वर ओढत म्हणाली, "मग? वजनकाटा घेऊन ठेव."