शिशीचं तोंड

अमरावतीच्या मुलींच्या शाळेत मी विज्ञान शिकवत होते. शनिवारी शाळा सुटली की बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला आईकडे जायचं, असा नेम होता. जठारपेठेच्या मागच्या वस्तीत आमचं दोन खोल्यांचं मातीचं घर होतं. वडील गेल्यापासून आई तिथे एकटीच राहायची आणि कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची. पासष्ट सालच्या उन्हाळ्यात तिच्या डाव्या छातीत गाठ निघाली. मोठ्या दवाखान्यात दाखवलं तेव्हा, कापण्याची वेळ गेली, असं सांगून त्यांनी घरी पाठवलं.

मग डॉक्टर भगवंतराव भेटले. ते परदेशात शिकून आले होते आणि जठारपेठेतल्या आपल्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत स्वतःचं काम करत बसायचे. मी विज्ञानाची शिक्षिका म्हणून असेल, त्यांनी मला सगळं नीट सांगितलं.

"अंड्याच्या बलकातून काढलेली चरबी पाण्यात घातली की तिचे पोकळ कण आपोआप बनतात. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. त्यांच्या पोटात मी तुमच्या रक्तातलं आनुवंशिक द्रव्य भरणार. वाढ कुठे थांबवायची ते गाठीतल्या पेशी विसरल्या आहेत. निरोगी द्रव्य आत पोहोचलं तर कदाचित त्यांना आठवेल."

"पण ते कण गाठीतच जातील कशावरून?"

"तुमच्या आईच्या गाठीचा अर्क त्यांना बाहेरून लावणार. ओळख पटेल तिथेच ते शिरतील." मग ते म्हणाले, "माणसावर हे मी आधी केलेलं नाही."

मी आईपासून काही लपवलं नाही. ती हसली. "म्हंजे म्या तुले पोटात वाढवलं, अन् आता तू माह्या छातीत शिरून राहिली." मग म्हणाली, "टोचा म्हणा."

दवाखान्यावर पत्रे होते, आत सगळं तापायचं. त्यामानानं आमच्या जाड भिंतीतला कोनाडा थंड होता, खाली पाण्याचा रांजण. छप्पन्न साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा कोनाड्यातले देव आईनं स्वतः मोर्णा नदीत सोडले होते. तेव्हापासून तो रिकामाच होता. औषधाची शिशी तिथे ठेवली. शेजारच्या मनकर्णाबाई आईबरोबरच जिनिंगमध्ये जायच्या. त्यांनी दारातूनच पाहिलं.

"देव भायेर काढले, अन् आता शिशी बसवली काय वं, केशर?"

"शिशी नवस तर मांगत नाई," आई म्हणाली.

औषध दुधासारखं होतं. असं औषध ठेवून दिलं की साय वर यावी. ही साय मात्र काचेच्या एका अंगाला पट्ट्यासारखी जमायची, आईच्या खाटेच्या बाजूला. मी शिशी फिरवून ठेवली. चहा होईपर्यंत पट्टा पुन्हा खाटेकडे आला होता. उजेडामुळे असेल म्हणून मी खिडकीला पोतं लावलं. उष्णतेमुळे असेल म्हणून शिशी खाटेच्या दुसऱ्या बाजूला स्टुलावर ठेवली. पट्टा खाटेकडेच आला. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, चष्मा पुसला आणि शिशी हलवून सिरिंज भरली.

आई त्या पट्ट्याला तोंड म्हणायची. "तिचं तोंड भिंतीकडं कर वं. झोप नाई येत मले."

पण गाठ मऊ पडत चालली होती. पावसाळ्यात आई भाकर मागून खाऊ लागली, दारात बसू लागली. डॉक्टर बोटांनी गाठ चाचपायचे आणि प्रत्येक वेळी तेच सांगायचे, "मध्येच सोडू नका. अर्धवट सोडलं तर फार वाईट उलटेल."

एका रविवारी मनकर्णाबाई आमच्या उंबऱ्याशी तूर निवडत बसल्या होत्या. बोलणं मधेच थांबलं म्हणून मी वर पाहिलं. आई कोनाड्याकडे पाहत होती. साय दाराकडच्या बाजूला होती.

मनकर्णाबाईंनी सूप उचललं आणि त्या घरी गेल्या. त्यानंतर त्या आमच्याकडे आल्या नाहीत. पुढे त्यांच्या पोटात गाठ निघाली.

त्या रविवारी संध्याकाळी आईचा चेहरा मोकळा दिसत होता. "ते आता माह्याकडं पायत नाई. मी सुटली."

वस्तीत कुणाला देवी आल्या की हीच रीत होती. देवीची नजर फिरली की माणूस सुटला. त्यानंतर औषध दिलं तर ती रागावून परत येते. आईनं देव नदीत सोडले होते, रीत तिच्यात राहून गेली होती. डॉक्टर सिरिंज घेऊन आले तेव्हा तिनं छातीवर हात आडवा धरला. "नका टोचू, साहेब. ते गेली."

"माय, औषध हाये ते," मी म्हटलं. "त्याले नजर नसते."

"मंग सकायी उठल्याबरोबर तू त्याच्याकडं काहून पायते?"

डॉक्टर आणखी दोनदा येऊन परत गेले.

दिवाळीच्या आधी गाठ उलटली. साय पुन्हा खाटेकडे आली होती. आता आई स्वतः टोचा म्हणत होती, पण सुई घालायला तिथे धड जागा उरली नव्हती. थंडी सुरू होता होता ती गेली. तिच्या मागोमाग मनकर्णाबाई.

शिशी मी अमरावतीला घेऊन आले. तिच्यात माझ्या रक्ताबरोबर आईच्या गाठीचा अंश होता. तिच्या देहाचं म्हणावं असं दुसरं काही शिल्लक नव्हतं.

माझ्या खोलीतल्या फळीवर शिशी शांत होती. साय दुधावर येते तशी सपाट वर आलेली. औषध नासायला हवं होतं, पण वास आला नाही. उन्हाळा गेला, पाऊस गेला. मी तिच्याकडे पाहायचं जवळजवळ सोडून दिलं.

पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी मी खाटेवर बसून पेपर तपासत होते. सहज वर पाहिलं.

साय दाराच्या बाजूला होती.

दार बंद होतं. मी उठून उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. मी परत खाटेवर येऊन बसले.

पट्टा काचेवरून सरकत होता. इतका हळू, की दुसरीकडे पाहून परत पाहिलं तरच कळावं.

चुलीकडे तो थांबला. आई बाहेरून आली की आधी चुलीपाशी वाकून पाहायची.

मग माठाकडे.

मग खाटेकडे.

"चहा ठेवू काय, माय?" मी हळूच विचारलं.

मी सरकून खाटेवर जागा केली.

त्याला आता तीन महिने होतील. मी खोलीत कुठेही बसले तरी थोड्या वेळानं साय माझ्या बाजूला येते. अकोल्याला जाऊन डॉक्टरांना दाखवावं, हे मला कळतं. मी गेलेले नाही. आंघोळ करताना छातीच्या डाव्या बाजूला मी हात लावत नाही, वरून नुसतं पाणी सोडते.