चांदीच्या फोटोआडचा म्हाळू

शिरूरच्या स्टँडवरून चौफुल्याकडे जाणारी एसटी सुटली ती मोनिकाच्या आणि तिच्या आईच्या डोळ्यांदेखत. गिताबाईंनी हात वर करून कंडक्टरला हाक मारली, पण गाडी काही थांबली नाही. पुढची गाडी दीड तासाने. ऊन चटके देत होतं, आणि समोरच्या मोबाईलच्या दुकानात पंखा गरगर फिरत होता. प्रेमाला कशाचं निमित्त पुरेल याचा नेम नसतो. इथे पंख्याचं पुरलं.

"आईला नवा फोन घेतलाय," मोनिका आत शिरत म्हणाली. "त्यात व्हॉट्सॲप चालू करून द्याल का?"

काउंटरमागच्या तरुणाने मान वर केली… आणि ती खाली घ्यायची विसरला. मोनिका बी. कॉम. झालेली, असले चार फोन तिने झोपेत चालू केले असते. पण पंख्याखाली बसायला काहीतरी कारण हवं ना! त्याने दोघींना स्टूल दिलं, पाणी दिलं. नाव म्हाळू म्हणाला.

"नंबर कुनाच्या नावानं टाकू, मावशी?"

"नावं लिहून काय उपेग? मला वाचता येत न्हाई," गिताबाई म्हणाल्या. "यवतला आमच्या चाळीस शेळ्या हायती. मी गिऱ्हाईक शेळीवरनं वळखते. राहूचा शिंदे म्हनलं तर डोक्यात बसत न्हाई. आपली बाणाई शेळी न्हेलेला म्हनलं, की मानूस म्होरं उभा ऱ्हातो."

दुसरा कुणी हसला असता. म्हाळू हसला नाही. त्याचा आजा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत पायी जायचा. त्याला हे हिशेब ठाऊक होते. क्षणभर डोकं खाजवून तो म्हणाला, "मग असं करू. परत्येक गिऱ्हाइकाचा येगळा ग्रुप काढू. ग्रुपात फकस्त तुम्ही आन् त्यो. वर फोटो त्यानं न्हेलेल्या शेळीचा! फोटोवर बोट ठिवायचं, माईक दाबायचा, बोलायचं."

"पोराला अक्कल हाय," गिताबाईंनी लेकीला सांगितलं. हळू बोलणं त्यांना जमतच नसे.

"चालतंय का बघाय माझाबी येक ग्रुप काढा," म्हाळू मोनिकाकडे बघत म्हणाला. "मला कुठल्या खुंट्याला बांधताय?"

"तुम्ही कुठं शेळी न्हेलीय आमची?"

"न्हेली न्हाई… पन बांधून घ्यायची तयारी हाय."

मोनिकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पंखा फुल्ल असूनही. तिने गुपचूप त्याच्या ग्रुपला चांदीचा फोटो लावून टाकला. चांदी तिची लाडकी, काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका.

गिऱ्हाइकं होती त्रेसष्ट. एका संध्याकाळचं काम, पण दोघांनी ते नऊ आठवडे पुरवलं. रोज मोनिका आईच्या फोनवरून एका शेळीचा जुना फोटो पाठवायची, आणि म्हाळू त्यावर अर्धा तास धडा द्यायचा.

"भांडून गेलेल्या गिऱ्हाइकांना अर्काइव्हमधी टाका. पुसायचं न्हाई. मानूस परत येतो."

"आन् जो रोज बोलतो त्याला?"

"त्याला पिन करून सगळ्यात वर ठिवायचं…"

"का? त्यो काय लई मोठा गिऱ्हाईक हाय?"

"न्हाई. पन खाली गेला की त्याला करमत न्हाई."

मोनिकाने चांदीला पिन केलं. वडिलांच्या, हौसरावांच्या ते एकदा नजरेस पडलंच. "ही चांदी सारखी वर का गं?"

"गाभण हाय ना, आबा… ध्यान ठिवाय लागतं."

तेव्हापासून हौसराव चांदीला पसाभर पेंड जास्त घालू लागले. कुणाच्या प्रेमात कुणाचं पोट सुटेल, सांगता येत नाही!

एवढं सगळं झालं, पण मुख्य गोष्ट तेवढी दोघांपैकी एकानेही उच्चारली नव्हती. आणि बुधवारी जेवताना हौसराव म्हणाले, "रविवारी चाकनचं पावनं येनार हायती. पोरगा कंपनीत परमनंट हाय. मला पसंत हाय."

मोनिकाने मोडलेला भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला. रविवारी आबांनी होकार दिला, की सुपारी फुटणार. एकदा दिलेला शब्द आबा फिरवत नाहीत, हे गावभर माहीत. आणि म्हाळू? त्याला हे कळणार तरी कसं? का तो नुसतीच गंमत करत होता…?

गुरुवारी सकाळी ती आईचा फोन घेऊन वाड्याच्या मागे गेली, शेळ्यांच्या कुडाआड. चांदीच्या फोटोवर बोट ठेवलं, माईक दाबला, आणि डोळे मिटून एका दमात बोलून टाकलं. "रविवारी मला बघाय येनार हायती. मला त्यो पोरगा नको. मला तुम्ही आवडता. पयल्या दिवसापासनं. तुमचं काय असंल ते आत्ता सांगा… न्हाईतर कवाच नगा सांगू."

मेसेज गेला. डोळे उघडले… आणि तिने फोटो नीट बघितला.

ती चांदी नव्हती. ती बिजली होती, चांदीची जुळी बहीण. रंग तोच, ठिपका तोच. फरक एकच, बिजलीचा डावा कान फाटका. आणि फोटो गोल चौकटीत बसवताना कानच कापला गेला होता! बिजली नेली होती शिरूरच्या पाशामामांनी. दर आठवड्याला शेळ्या न्यायचे, म्हणून तेही वरच पिन केलेले, चांदीच्या अगदी खाली.

पुसावं म्हणेपर्यंत निळ्या खुणा आल्या. मामांनी ऐकलं होतं. आता मामा आबांना सांगणार, आबा आकाशपाताळ एक करणार… तेवढ्यात मामांचा आवाज आला.

"अगं बेटा, साठी उलटली माझी! आन् घरात तुझी अकिलामामी लाटणं घिऊन बसलीय. हे ज्याचं हाय त्याला धाड. मी कुनाला बोलायचा न्हाई. पन येक सांगतो… मला सांगून तू मेली न्हाईस, मंग त्याला सांगून बी मरायची न्हाईस."

मोनिका रडता रडता हसली. खरंच की! सगळ्यात अवघड वाक्य तर बोलून झालं होतं. तिने तोच मेसेज उचलला, या वेळी कपाळावरचा ठिपका नाही, फोटोशेजारचं नाव वाचलं, आणि म्हाळूला पुढे पाठवला.

निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

पाच मिनिटं. अर्धा तास. तास… रोज "जेवलात का?" विचारणारा माणूस आज गप्प! संपलं सगळं, असं म्हणत तिने फोन ओढणीखाली दडवला, तोच दारात मोटारसायकल थांबली. न्हावऱ्याच्या रस्त्याची सगळी धूळ अंगावर घेऊन म्हाळू उभा होता.

"कोन पायजे?" हौसरावांनी विचारलं.

"मी म्हाळू. शिरूरला मोबाईलचं दुकान हाय माझं." त्याने अंगावरची धूळ झटकली. "आबा, रविवारी पावनं येनार हायती म्हनं… म्हनून मी गुरवारीच आलो. मला मोनिका पसंत हाय."

हौसराव बघतच राहिले. राग यायला हवा होता, पण एवढा सरळ माणूस समोर आल्यावर रागाला जागा सापडेना. गिताबाई मात्र उठून पोहे भिजवायला गेल्या.

बशी घेऊन मोनिका बाहेर आली, त्याच्यासमोर ठेवली, आणि उभीच राहिली.

"नाव?" तिने विचारलं.

"म्हाळू…" तो गांगरला.

"सैपाक येतो?"

"च्या येतो. आन् खिचडी."

"चालून दाखवा."

म्हाळू खरंच उठला आणि दारापर्यंत चालून आला. गिताबाई तोंडाला पदर लावून हसल्या. हौसरावांच्या मिशीतही काहीतरी हललं. पण ते लगेच गंभीर झाले, आणि लेकीकडे वळून जे त्या घरात आजवर कुणी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं.

"तुझं काय म्हननं हाय, पोरी?"

मोनिकाने मान खाली घातली नाही.

"मला हेच पायजेत, आबा. चाकनच्या पावन्यांना आजच फोन करा… त्यांचं पेट्रोल तरी वाचंल!"