तांबूस न होणारा पाक

पाक तांबूस होईना. ऋजुताने गॅस मोठा केला, पातेलं कलतं करून पाहिलं, मग घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं! एव्हाना साखर करपून घरभर धूर व्हायला हवा होता, आणि हा पाक नळाच्या पाण्यासारखा नितळ, नुसते बुडबुडे काढत बसला होता.

तिला कडबा हवा होता. नणंद शलाका आणि तिचा होणारा नवरा, दोघंही जनावरांचे डॉक्टर. म्हणून रुखवतात ठेवायचा केक गोठ्याचा. चॉकलेटची जमीन, बटरक्रीमने लिंपलेल्या भिंती, साखरेच्या पाच गाई आणि पाकाच्या सोनेरी तारांचा कडबा. गोरज मुहूर्त सव्वासहाचा. भिंती सकाळी आठलाच लिंपून झाल्या होत्या, अडलं होतं ते कडब्यावर.

"ओवी, लांब हो, पाक उकळतोय."

चार वर्षांची ओवी लांब झाली. पहिल्या हाकेला.

ऋजुताचा हात थांबला. ही पोरगी तीनदा ओरडल्याशिवाय जागची हलत नसे. सकाळी बटरक्रीमचं भांडं चाटूनपुसून साफ केल्यावर तिचा फुगा फुटला होता, तेव्हाही ती नुसती बघत राहिली होती. शहाणी झाली हो माझी बाय, म्हणून ऋजुताने वर तिचा मुका घेतला होता.

तिने साखरेचा डबा पुढे ओढला. चिमूट तळहातावर घेतली. दाणे सगळे एका मापाचे.

शमशर्करा! गेली पाच-सहा वर्षं कचेऱ्यांच्या चहात, सोसायट्यांच्या सभांत, वाटण्यांच्या बैठकांत हीच वापरत होते. साध्या साखरेच्या रेणूला जोडलेलं एक शेपूट. पोटात गेलं की ते सुटायचं, रक्तातून मेंदूतल्या बदामाएवढ्या रागाच्या केंद्रापर्यंत पोहोचायचं आणि त्याला आठ तास गप्प बसवायचं. ती भट्टीत टिकायची, चवीत कळायची नाही. फक्त तिचा पाक तांबूस होत नाही, हे केक करणाऱ्या बायकांना ठाऊक होतं. पाकिटावर लाल अक्षरांत मात्र वेगळीच ओळ असायची: पाच वर्षांखालील मुलांना देऊ नये.

"आई! इकडे या आधी!"

सासूबाई पदराला हात पुसत आल्या. "किती ओरडतेस गं. बाहेर पाहुणे बसलेत."

"या डब्यात काय भरलंत?"

"कळलं होय?" त्या हसल्या. "अगं, साखरपुड्याला काय झालं ते विसरलीस? फेटा आधी दुसऱ्याला बांधला म्हणून नवऱ्या मुलाचे काका पानावरून उठले. वर आपली शलाका त्यांच्यावर खेकसली. आज सगळ्यांनी एकेक तुकडा खाल्ला की लग्न कसं सुरळीत पार पडेल."

"आणि ओवी? ती भांडं चाटत होती तेव्हा तुम्ही इथेच उभ्या होतात!"

"होते की. म्हटलं, बरंच झालं. मांडवात लोळण तरी नाही घेणार."

ऋजुताच्या कानशिलातली शीर ताडताड उडायला लागली. "तुमची नात आहे ती! तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"मी रोजच घेते गं. सकाळी आठच्या चहात एक चमचा, चारच्या चहात एक. चार वर्षं झाली." सासूबाईंनी ओट्यावरचा क्रीमचा ठिपका पुसला. "तुझे सासरे ताट भिरकावायचे तेव्हा माझा किती जीव जळायचा. आता ते भिरकावतात, मी उचलते. घर शांत आहे."

भांडायला समोर माणूसच नव्हतं. ऋजुताने ती साखर बनवणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला.

"ताई, इतक्या लहान मुलांवर चाचण्या झालेल्या नाहीत," पलीकडची मुलगी म्हणाली. "त्या वयात ते केंद्र अजून घडत असतं. लक्ष ठेवा."

"कशावर लक्ष ठेवू?"

"राग येतोय का, त्याच्यावर."

केकवरची ठिपक्यांची गाय ओवीने स्वतः रंगवली होती. दोन दिवस कुणाला हात लावू देत नव्हती. ऋजुताने ती उचलली, ओवीच्या डोळ्यांसमोर धरली आणि मोडली. शिंगं वेगळी, पाय वेगळे.

ओवीने तुकड्यांकडे पाहिलं. "असू दे, आई," ती म्हणाली. हुबेहूब आजीच्या सुरात.

त्यासरशी ऋजुताने केकचा पाट दोन्ही हातांनी उचलला आणि अख्खा गोठा कचऱ्याच्या बादलीत उलटा केला.

"वहिनी! माझा गोठा!" हळदीने माखलेली शलाका दारात उभी होती. तिला सगळं सांगितलं तेव्हा ती आईकडे वळली. "म्हणजे माझ्या लग्नात मलाच गप्प करणार होतीस?"

"तुझ्या भल्यासाठीच, बाळा."

शलाकाने डबा नळाखाली धरला, साखर पार वाहून जाईपर्यंत. "रुखवतात कुरडया मांडा," ती म्हणाली. "काका उठले तर उठू देत. मी बघून घेईन."

चारचा चहा साध्या साखरेचा झाला, सासूबाईंचाही.

पाच वाजता सासूबाई आरशासमोर नथ घालत होत्या. त्यांचा हात मध्येच थबकला. मग त्यांनी ओवीकडे पाहिलं आणि फणी भिंतीवर इतक्या जोरात फेकली की तिचे दात निखळले.

"लेकराच्या हातात ते भांडं, आणि मी मेली उभी राहून बघत होते!"

सासरे आत डोकावले. "निघायचं ना? माझा दुसरा चहा अजून—"

"स्वतः करून घ्या!"

ते आल्या पावली परत गेले. सासूबाई ढसाढसा रडायला लागल्या. ऋजुताने घड्याळ पाहिलं. सकाळी आठला दोघींच्याही पोटात ती साखर गेली होती. आजीची उतरली होती.

ओवी आजीच्या मांडीवर चढली, तिचे गाल पुसू लागली. "असू दे, आजी."

"ओवी, इकडे बघ." ऋजुता तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "तुझी गाय मी मोडली. मुद्दाम मोडली. वाईट केलं ना मी? मग अशी मूठ आवळ. आणि पाय आपट. जोरात."

ओवीने आईच्या मुठीकडे नीट पाहिलं, आपली इवली बोटं तशीच मिटली, पाय हलकेच जमिनीवर टेकवला आणि हसून विचारलं,

"असं?"