पिनेचं घड्याळ कुणी नेलं?

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्याच बाबतीत घडलेली आहे.

आणि सुरुवात झाली भर दुपारी, गिऱ्हाइकांनी गजबजलेल्या दुकानात. तेव्हा अंधारात भास झाला असेल, असंही कुणी म्हणू नये.

मला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. आई आणि मी घड्याळ घ्यायला गेलो होतो.

खरं तर त्या कॉलेजात आधी प्रवेश मिळाला होता तो ताईला. माझी मोठी बहीण. वर्ग सुरू व्हायच्या आधीच ती तापाने गेली.

पण घरातून ती गेलीच नाही. "ती असती तर..." हे आईचं पालुपद. ताईचं अक्षर, ताईचा आवाज, ताईचा हलका हात.

मेलेल्या माणसाशी बरोबरी कशी करणार? ते कधी चुकत नाही. कधी उलट बोलत नाही.

मी जळायचे. सख्ख्या, मेलेल्या बहिणीवर.

आई दाराशीच एका ओळखीच्या बाईंशी बोलत उभी राहिली. मी काउंटरवर गेले.

"नर्सिंगसाठी हवंय. सेकंद काटा स्पष्ट दिसणारं."

घड्याळवाल्याने दोन काढून काचेवर ठेवली. एक मनगटाचं, रबरी पट्ट्याचं. दुसरं छातीवर पिनेने लावायचं. त्याची तबकडी उलटी. मान खाली घातली की घालणारीला सरळ दिसते.

"दोन कशाला?"

"हे तुम्हाला. आणि पिनेचं या ताईंनी काढायला सांगितलं ना."

तो माझ्या खांद्यामागे बघत होता.

मी वळले...

मागे कुणीच नव्हतं.

तेवढ्यात आई आली. तिने नेमकं पिनेचंच उचललं. "अगं, हेच घे. ताईने हेच पसंत करून ठेवलं होतं."

झालं! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मला मनगटाचंच हवंय."

पहिल्याच आठवड्यात ट्यूटर मॅडमनी ते उतरवायला लावलं.

"वॉर्डात कोपरापर्यंत हात मोकळे हवेत. पट्ट्यात घाण अडकते, पेशंटला लागतं. पिनेचं आण. आणि मोबाईलवर सेकंद मोजायचे नाहीत, आधीच सांगते."

नाक मुठीत धरून मी परत दुकानात गेले.

"अहो, ते तर तुमच्या ताई घेऊन गेल्या," घड्याळवाला म्हणाला.

"कुठल्या ताई?"

"त्या दिवशी तुमच्याबरोबर होत्या त्या. अगदी तुमच्यासारख्याच दिसतात. फक्त जरा..."

तो घुटमळला.

"जरा जास्त हसऱ्या आहेत."

तुम्हाला वाटेल, मी घाबरले. नाही. आधी राग आला. इथेही हिचाच नंबर पहिला!

त्याने तसलंच दुसरं दिलं. मी ते छातीला लावलं आणि वॉर्डात गेले.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक आजोबा होते.

"आजोबा, नाडी बघते हं."

त्यांनी हात मागे घेतला. "किती वेळा बघाल? आत्ताच ती दुसरी मोजून गेली."

"दुसरी कोण?"

"तुझ्यासारखीच होती की. बोटं बर्फासारखी गार. पण हात काय हलका पोरीचा! तू फार दाबतेस."

मी वॉर्डभर नजर फिरवली. बाकीच्या सगळ्या मुली पलीकडच्या टोकाला मॅडमभोवती उभ्या होत्या.

मी आजोबांचं मनगट धरलं...

हात गरम होता. फक्त नाडीपाशी बोटं ठेवतात ना, तेवढीच जागा गारठली होती.

पुढे हे अधूनमधून होतच राहिलं. मी कितीही लवकर जावं, कुठल्यातरी खाटेपाशी ती आधी जाऊन आलेली असायची. आणि पेशंट तिचं कौतुक करायचे.

मी कुणाला काही बोलले नाही. काय सांगणार? मेलेली बहीण माझ्यापेक्षा चांगली नर्स आहे, असं?

मग मीच आजारी पडले. सणसणून ताप. सुट्टी घेऊन घरी आले.

दुपारची वेळ. डोळे मिटलेले. आई उशाशी बसलेली.

आणि कानाजवळ...

टिक. टिक. टिक.

माझं घड्याळ कॉलेजच्या खोलीवर राहिलं होतं.

मग मनगटावर बोटं टेकली. गार. हलकी. खरंच खूप हलकी. कुणीतरी ओठातल्या ओठात आकडे मोजत होतं. तो आवाज मी लहानपणापासून ऐकला होता.

डोळे उघडायचा धीर झाला नाही.

खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. आपण पाहुण्याला बसायला देतो, तसा.

मग आई हसली. ताई गेल्यापासून ती तशी हसली नव्हती. माझ्यासाठी तर कधीच नाही.

मी डोळे उघडले तेव्हा आई एकटीच होती.

"कोण आलं होतं?"

"कोण येणार? पडून राहा."

ताप उतरला. यथावकाश मी पासही झाले. आता एका हॉस्पिटलात नोकरी करते. वॉर्डातले प्रकार थांबलेत. माझ्या आधी आता कुणी नाडी मोजून जात नाही.

पण मी ड्युटीवरून आले की आई आधी माझ्या कपाळाला हात लावते.

"अंग गरम लागतंय का गं?"

"नाही आई. बरी आहे मी."

आणि तिचा चेहरा उतरतो.

परवा सुट्टी होती. दुपारी जरा डोळा लागला. थंडीने जाग आली. अंगावर पांघरूण नव्हतं. ओला टॉवेल कुणीतरी माझ्या छातीवर पसरून ठेवला होता. खिडकी सताड उघडी.

आई उशाशी बसली होती. तिच्या शेजारी आणखी एक खुर्ची मांडलेली...

रिकामी.

मी दचकून उठून बसले. आईने मला खांद्याला धरून पुन्हा आडवं केलं.

"झोप ना अजून थोडी," ती हळूच म्हणाली. नजर दाराकडे होती.